काशीयात्रेतील शेवटची पाचशे पावले

काशीयात्रेचा बेत ठरला, की घरातील मंडळी दोन गोष्टींचा बारकाईने विचार करतात. एक विमानाचे तिकीट आणि दुसरे विश्वनाथाचे दर्शन. या दोहोंच्या मध्ये बाबतपूरच्या विमानतळापासून हॉटेलातील पलंगापर्यंतचा जो टप्पा येतो, तो मात्र ‘तिथे गेल्यावर पाहू’ या सदरात ढकलला जातो. माझ्या दवाखान्यात यात्रेहून परतलेले ज्येष्ठ नागरिक येतात. कुणाचा गुडघा सुजलेला असतो, कुणाचे मनगट प्लास्टरमध्ये असते, कुणाला पहिल्याच रात्री घेरी आलेली असते. खोलात शिरून विचारपूस केली, तर दुखण्याचे मूळ बहुधा दर्शनाच्या रांगेत नसून या मधल्या टप्प्यात सापडते.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि परतताना गंगेची कावड घेऊन घरी आले. त्या काळी वृद्ध आईवडिलांना काशीस नेणे सोपे नव्हते. मुलगा गंगाच त्यांच्यापाशी आणीत असे. आज मुंबईहून सव्वादोन तासांत विमान वाराणसीस पोहोचते आणि आपण आईवडिलांना गंगेपाशी नेऊ शकतो. ही फार मोठी सोय आहे. पण विमान शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अलीकडे उतरते आणि मोटार घाटापासून सुमारे अर्धा किलोमीटर अलीकडे थांबते. म्हणून वाचकहो, या लेखात मी एकच गोष्ट आपल्यापुढे मांडणार आहे. ज्येष्ठांसह करायच्या या प्रवासाची आखणी शेवटाकडून सुरू करावी. आधी हॉटेलच्या दारातील पायऱ्या मोजाव्यात, विमानाचे तिकीट त्यानंतर काढावे.

हॉटेलला विचारायचे प्रश्न

वाराणसीत उतरण्याच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. पहिली कँटोन्मेंटची बाजू. येथे रस्ते रुंद आहेत, बहुतेक हॉटेलांच्या दाराशी मोटार जाते, लिफ्ट असते. घाट मात्र चार-पाच किलोमीटर दूर राहतात. दुसरी अस्सी घाटाची बाजू. शहराच्या या दक्षिण टोकाला वाहन घाटाच्या बरेच जवळ जाते. तिसरी दशाश्वमेध, ब्रह्माघाट, दुर्गाघाट यांच्या आसपासची जुनी वस्ती. मराठी माणसाची ओढ साहजिकच या तिसऱ्या जागेकडे असते. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारले. भोसले घाट, शिंद्यांचा घाट, अहिल्याबाई घाट ही नावे आपल्याच इतिहासातील आहेत. पण येथील गल्ल्या दोन माणसे शेजारून जातील इतक्याच रुंद, फरसबंदी दगडाची, आणि जुन्या वाड्यांचे जिने उभे असतात.

हॉटेलला दूरध्वनी केल्यावर ‘घाट किती लांब आहे’ असे विचारू नये. ‘बस, दोन मिनिटांवर’ हेच उत्तर मिळते, आणि ती दोन मिनिटे पंचविशीतल्या तरुणाची असतात. त्याऐवजी पुढील प्रश्न एकेक करून विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

मोटार नेमकी कोठपर्यंत येते? तेथून दारापर्यंत किती पावले आहेत? वाटेत आणि दारात मिळून पायऱ्या किती? कठडा आहे का? खोली तळमजल्यावर मिळेल का, की लिफ्ट आहे? लिफ्टच्या आधी पुन्हा काही पायऱ्या आहेत का? संडास कमोडचा आहे का आणि पलंगापासून किती अंतरावर आहे? न्हाणीघराला उंबरा आहे का? सामान घेण्यासाठी चौकापर्यंत माणूस येईल का?

गेल्या हिवाळ्यात माझ्या मावशीला काशीस न्यायचे ठरले, तेव्हा मी हेच प्रश्न विचारले. वय ७९, दोन्ही गुडघे झिजलेले, मधुमेह वीस वर्षांचा. दशाश्वमेधाजवळच्या एका हॉटेलने आधी ‘काही अडचण नाही’ असे सांगितले. पायऱ्यांचा आकडा मागितल्यावर मात्र पलीकडचा माणूस खाली जाऊन मोजून आला. गल्लीत ११ आणि आत २७. आम्ही पहिल्या दोन रात्री कँटोन्मेंटमध्ये काढण्याचे ठरवले. मावशी हिरमुसली. ‘अरे, काशीत जाऊन गंगा दिसणार नाही अशा जागी राहायचे?’ असे तिने विचारले. तिचा प्रश्न रास्त होता. मी तिला एवढेच सांगितले, की पहिल्या दिवशी पाय शाबूत राहिले, तर दुसऱ्या दिवशी गंगा नक्की दिसेल.

गल्लीतील मुक्कामाबाबत आणखी एक विचार करावा. ज्या गल्लीत टॅक्सी शिरत नाही, त्या गल्लीत रुग्णवाहिकाही शिरत नाही. ज्यांना हृदयविकार, दमा किंवा नुकताच येऊन गेलेला पक्षाघात आहे, त्यांच्यासाठी वाहन दारापर्यंत येणारी जागाच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमानात शरीराचे काय होते

विमानातून उतरलेला वृद्ध माणूस सकाळी घरून निघालेला माणूस राहिलेला नसतो. पहाटे लवकर उठणे झालेले असते, न्याहारी धड झालेली नसते. विमानातील हवा कोरडी असते आणि तिचा दाब सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. निरोगी माणसास ते जाणवत नाही. फुप्फुसे किंवा हृदय दुबळे असेल, त्यास थकवा येतो. त्यात संडासाला उठावे लागू नये म्हणून अनेक आजी-आजोबा आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करतात. वयोमानाने तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. काहीजण लघवीची गोळी आपल्या मनानेच टाळतात. दोन-अडीच तास एका जागी बसून पाय जड होतात. मग उभे राहताक्षणी रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हॉटेलच्या गल्लीतील पायऱ्या नेमक्या अशा शरीराला चढायच्या असतात.

याची तयारी घरूनच करता येते. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, विमान कंपनीकडे व्हीलचेअरची नोंद करावी. ‘मी काही अपंग नाही’ असे म्हणून पुष्कळ ज्येष्ठ ती नाकारतात. त्यांना सांगावे, की खुर्ची आजारासाठी घेतलेली नाही. पायांतील बळ संध्याकाळसाठी राखून ठेवण्यासाठी घेतलेली आहे. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. ती स्वतःहून बंद करू नये. सर्व औषधे, इन्शुलिन, ग्लुकोमीटर, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल आणि जुने कागद हातातील पिशवीत असावेत. इन्शुलिन सामानाच्या कप्प्यात देऊ नये. तेथील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. विमानात दर अर्ध्या तासाने पावले वरखाली हलवावीत आणि घोटघोट पाणी पीत राहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरवलेले आहे, त्यांनी ते प्रमाण पाळावे.

बाबतपूर: अर्धा तास थांबावे

विमानतळाला लालबहादूर शास्त्रींचे नाव आहे, पण गावकरी आणि टॅक्सीवाले त्याला बाबतपूरच म्हणतात. येथे उतरल्यावर घाई करू नये. सोबत दोघे असतील, तर कामे वाटून घ्यावीत. एकाने फक्त ज्येष्ठांजवळ राहावे, दुसऱ्याने फक्त सामान पाहावे. एकच माणूस दोन्हींकडे लक्ष देऊ लागला, की बॅग फिरत्या पट्ट्यावरून उचलण्याच्या क्षणी आजोबा उठून उभे राहतात. सोबती एकटा असेल, तर सामान एका चाकांच्या बॅगेत आणि एका पाठपिशवीत मावेल एवढेच न्यावे. व्हीलचेअर ढकलणाऱ्या सेवकाला मोटारीपर्यंत सोबत येण्यास आधीच सांगून ठेवावे.

बाहेर पडण्यापूर्वी तीन गोष्टी विमानतळावरच उरकाव्यात. स्वच्छतागृहात जाऊन यावे, पाणी प्यावे, काही तरी खावे. पुढचे स्वच्छतागृह तास-दीड तासाने मिळणार आहे. मधुमेही ज्येष्ठांची रक्तशर्करा येथेच तपासावी. ती ७० च्या खाली असेल किंवा घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तोंडावाटे काहीही न देता वैद्यकीय मदत बोलवावी. जेवण समोर आल्याशिवाय इन्शुलिन टोचू नये. वाहतुकीत अडकलेल्या मोटारीत जेवण मिळत नाही.

मोटार निवडताना बसण्याची उंची पाहावी. उंच गाडीत पाय वर टाकताना तोल जातो, फार बुटक्या गाडीतून उठताना गुडघे साथ देत नाहीत. आसन साधारण मांडीच्या उंचीचे असावे. बसताना गाडीकडे पाठ करून प्रथम आसनावर टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना हाच क्रम उलट करावा. पाय बाहेर काढल्यावर मिनिटभर तसेच बसावे, पावले हलवावीत, नंतर उभे राहावे. घेरी येण्याचे कितीतरी प्रसंग या एका मिनिटाने टळतात.

शहराकडे

विमानतळावरून शहराकडे येणारा रस्ता २०१८ साली चौपदरी झाला. पहिला भाग सुखाचा आहे. दोन्ही बाजूंना शेते आणि वीटभट्ट्या दिसतात. शहर जवळ आले, की वेग मंदावतो. निवांत वेळी तासाभरात पोहोचता येते. संध्याकाळी, सणावारी किंवा श्रावणी सोमवारी किती वेळ लागेल ते सांगवत नाही. म्हणून दुपारी उशिरापर्यंत हॉटेलात पोहोचता येईल असेच विमान निवडावे. अंधारात अनोळखी पायऱ्या ही मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांची कसोटी असते.

ऋतूही पाहावा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर येथे दाट धुके पडते आणि सकाळची विमाने तासन्‌तास खोळंबतात. कोकणपट्टीतून येणाऱ्या वृद्धांना ही थंडी अंगवळणी पडलेली नसते. कानटोपी आणि गरम मोजे हातातील पिशवीतच हवेत. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि लू वाहते. त्या दिवसांत सत्तरीपुढच्या माणसाला मी काशीस पाठवीत नाही. फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळा सरल्यावर नोव्हेंबर हा काळ उत्तम.

गोदौलिया चौक

जुन्या वस्तीत उतरणार असाल, तर गोदौलिया चौकाच्या आसपास पोलिसांचा अडथळा लागतो आणि मोटार थांबते. दिवस आणि गर्दी पाहून ही जागा मागेपुढे होते. येथून दशाश्वमेध घाट सुमारे अर्धा किलोमीटर आहे. तरुणाला हे अंतर जाणवणारही नाही. थकलेल्या वृद्धासाठी मात्र संपूर्ण प्रवासातील सर्वांत धोक्याची पावले हीच. गर्दीचा धक्का, मागून वाजणारा मोटारसायकलचा भोंगा, ओल्या फरशा, शेण आणि वाटेत बसलेली गाय.

येथे पाळायचा नियम सोपा आहे. माणूस आणि सामान एकाच खेपेत नेऊ नये. हॉटेलचा माणूस किंवा हमाल सामान घेऊन पुढे जाऊ दे. सोबत्याने मोकळ्या हातांनी ज्येष्ठांना आणावे. औषधांची पिशवी तेवढी सोबत्याच्या खांद्यावर असावी. ज्येष्ठांच्या हाती काठीखेरीज काहीही देऊ नये, पर्सही नाही. चाकांची बॅग आधारासाठी धरणे फार धोक्याचे. ती पुढे सरकते आणि माणूस तिच्यामागे पडतो.

ई-रिक्षा, जिला तेथे टोटो म्हणतात, जेथपर्यंत सोडत असतील तेथपर्यंत ती घ्यावी. तिची पायरी बुटकी असते. सायकलरिक्षाचे आसन उंच आणि पुढे उतरते असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनी ती टाळावी. चालताना सोबत्याने दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. पायऱ्या चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवावा. सोबत्याने नेहमी खालच्या पायरीवर राहावे. म्हणजे चढताना मागे आणि उतरताना पुढे. काखेत हात घालून वर ओढू नये, त्याने खांदा दुखावतो. पायात मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल किंवा बूट असावेत. दर पन्नास पावलांनी थांबावे. बनारसच्या गल्लीत थांबणाऱ्याकडे कुणी नवलाने पाहत नाही. दुकानाच्या ओट्यावर ‘बैठिए माताजी’ म्हणून जागा मिळते आणि कुल्हडातला चहाही.

दुर्दैवाने कुणी पडलेच आणि उठून उभे राहता येत नसेल, किंवा एक पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका धरावी. चार माणसांनी मिळून त्यांना उभे करण्याचा प्रयत्न करू नये. आहे त्या स्थितीत आधार देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय हे शहरातील मोठे रुग्णालय आहे. आपल्या हॉटेलपासून तेथवरची वाट पहिल्याच दिवशी विचारून ठेवावी.

खोलीत पोहोचल्यावर

खोलीचे दार उघडले, की मंडळींना आरतीचे वेध लागतात. दशाश्वमेध घाटावरची आरती रोज संध्याकाळी होते. ती उद्याही आहे. पहिल्या दिवशी दर्शनाला जाऊ नये. ज्येष्ठांना प्रथम बसवावे, पाणी द्यावे, मोजे काढून दोन्ही पावले पाहावीत. मधुमेहात बुटाने झालेली जखम दुखत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल किंवा अचानक दम लागत असेल, तर रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. असे दिसल्यास रात्र न दवडता रुग्णालय गाठावे.

दिवस मावळण्यापूर्वी पलंग ते संडास ही वाट ज्येष्ठांनी एकदा स्वतः चालून पाहावी. मधले पायपुसणे उचलून ठेवावे, न्हाणीघराचा दिवा रात्रभर सुरू ठेवावा, चष्मा आणि काठी हाताशी ठेवावी. परक्या खोलीत मध्यरात्री जाग आल्यावर पुष्कळ वृद्धांना आपण कोठे आहोत हे कळत नाही. कुणी दिवंगत पतीला हाक मारतात, कुणी घरी चला म्हणतात. अशा वेळी दटावू नये. दिवा लावावा, नाव घेऊन बोलावे, आपण काशीत आहोत हे शांतपणे सांगावे. आधी नीट असलेले माणूस सकाळीही गोंधळलेलेच दिसले, तर मात्र पाणी कमी पडणे, साखर घसरणे, लघवीचा संसर्ग यांपैकी काही झाले आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

मावशी त्या पहिल्या संध्याकाळी आठ वाजता झोपी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही मोटारीने राजघाटाजवळच्या नमो घाटावर गेलो. हा घाट नव्याने बांधलेला आहे. वाहन जवळ जाते आणि पायऱ्यांखेरीज रॅम्पही आहे. मी हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, ‘धरू नकोस, नुसता जवळ राहा.’ ती काठी टेकत, थांबत थांबत स्वतःच्या पायांनी खाली गेली. खाली पोहोचल्यावर मी तिच्या ओंजळीत पाणी दिले. ते तिने डोळ्यांना लावले आणि बराच वेळ काही बोलली नाही. विश्वनाथाचे दर्शन तिने तिसऱ्या दिवशी, दुपारच्या कमी गर्दीत घेतले.

वाचकहो, हा लेख वाचून आपला बेत रद्द करू नये. प्रकृती स्थिर असेल, तर ऐंशीच्या घरातील माणसेही काशी करून सुखरूप येतात. मात्र बेत आखताना त्यांना सोबत घेऊन बसावे. ‘काशीत तुम्हाला नेमके काय हवे आहे?’ असे विचारावे. कुणाला विश्वनाथ हवा असतो, कुणाला केवळ गंगेचा स्पर्श, तर कुणाला आजोबा ज्या वाड्यात वेद शिकले तो ब्रह्माघाटावरील वाडा एकदा डोळ्यांनी पाहायचा असतो. त्या उत्तरावरून हॉटेल ठरवावे, हॉटेलवरून वाहन, आणि विमानाचे तिकीट सर्वांत शेवटी. परतीच्या दिवशीही हीच शिस्त पाळावी. सामान आधी चौकात पाठवावे, माणसाने मागून सावकाश निघावे आणि विमानतळावर पोहोचण्यासाठी नेहमीपेक्षा तासभर अधिक हाताशी ठेवावा.